शेवटची पाचर

बैठकमामांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. रोज सकाळ-संध्याकाळ नळावर भेटणाऱ्या बाईलाही ते "तुम्ही कोण?" असं विचारत आणि ती बिचारी हिरमुसून घागर उचलायची. पण तीच बाई जिन्याच्या पायरीवर घटकाभर टेकली, की मामा हातातला रंधा थांबवून म्हणत, "हां, तू दुसऱ्या माळ्यावरची शेवंता. कंबर अजून दुखता मां?" माणूस कसा बसतो, वजन कुठल्या मांडीवर टाकतो, पाठ कुठं सैल सोडतो, एवढ्यावरून ते माणूस ओळखत. तोंडाकडे त्यांनी आयुष्यभर नीट बघितलंच नसावं, आणि पुढं मोतीबिंदू वाढल्यावर तर बघण्यासारखं काही उरलंही नाही. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला त्यांची खोली होती. पुढच्या अर्ध्यात सुतारकाम, मागच्या अर्ध्यात मामा आणि त्यांचा मुलगा वसंता. मामी कधीच गेल्या होत्या. त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये फळ्यांचं एक पार्टिशन होतं, त्यामुळं त्यांच्याकडे पटाशी पडली तरी माझ्या हातातली भाकरी दचकायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा पाया पडायला म्हणून सासूबाईंनी मला त्यांच्याकडे नेलं. मामांनी आशीर्वाद दिला, पाट पुढं सरकवला आणि म्हणाले, "बस." मी बसले. थोडा वेळ बघून म्हणतात कसे, "ह्या पोरीच्या कडेवर भाव वाढलो हा. डाव्या." खरंच होतं. आई आजारी, म्हणून धाकट्या भावाला मीच डाव्या कडेवर वागवला होता. मला त्यांच्या ज्ञानाचं कौतुक वाटलं नाही, राग आला. आल्या आल्या परक्या माणसानं आपल्या माहेरचं कपाट उघडून बघितल्यासारखं वाटलं. पुढं राग गेला, पण त्यांच्यासमोर बसताना थोडं सावरून बसायची सवय मात्र राहिली ती राहिलीच.

मामा गिरणीच्या सुतारखात्यातून निवृत्त झालेले. त्या गिरणीत जुन्या साहेबाच्या वेळची एक खुर्ची होती. ती मोडली तेव्हा टाकून द्यायला सांगितली होती. मामांनी ती सुटी करून पाहिली आणि तिच्यात एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, हे बघून वेडेच झाले. इंग्रजीत तिला विंडसर खुर्ची म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मामा तिला कमानीची खुर्ची म्हणत. जाड सागवानी फळी घ्यायची, ती वाकसानं आणि पटाशीनं मध्ये खोलगट कोरायची, खालून चार पाय घुसवायचे, मागं बारीक दांड्या उभ्या करायच्या आणि त्या सगळ्या एका वाकवलेल्या कमानीत ओवायच्या. दांड्यांना ते गिरणीच्या सवयीनं कांड्या म्हणत. पाय स्टोव्हवर तापवलेल्या वाळूत ठेवून खडखडीत सुकवायचे आणि फळी मात्र किंचित ओलसर ठेवायची, म्हणजे फळी सुकता सुकता पायांना अशी आवळते की हत्तीनं ओढले तरी निघू नयेत. निवृत्तीनंतर या खुर्च्यांवरच त्यांचं चालायचं. ठाकूरद्वारचे डॉक्टर, गिरगावातले वकील, शिवाजी पार्कला राहणारे निवृत्त साहेबलोक असं गिऱ्हाईक लालबागला पायपीट करत यायचं.

कमान वाकवायचा दिवस म्हणजे चाळीत सोहळा असे. धामणाच्या लाकडाची लांब काठी पत्र्याच्या पेटीत वाफेवर ठेवलेली असायची. ती बाहेर काढली, की निवायच्या आत साच्याभोवती वाकवायला दोन तगडी माणसं लागत, आणि ती पाळीवरून आलेल्यांतून मिळत. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, असा मामांचा दंडक. बोललं की ते बोलणं कमानीत जातं म्हणे. एकदा नेमकी काठी वाकत असताना दारात कोळीण ओरडली, "बांगडे घ्या, बांगडे!" ती खुर्ची ठाकूरद्वारच्या एका शुद्ध शाकाहारी घरात गेली. मामा गंभीर चेहऱ्यानं सांगत, की त्या घरातले आजोबा हल्ली दुपारी उगाचच माहीमकडे चक्कर मारून येतात. आम्ही हसायचो. मामा हसत नसत.

आता मुख्य गोष्ट. खुर्ची कोरण्याआधी मामा माणसाला एका चौकटीत बसवत. चौकटीत ओला भुसा दाबून भरलेला आणि वर गोणपाट. माणूस उठला, की गोणपाट काढून भुशातल्या खळग्यावर हात फिरवत आणि त्याबरहुकूम बैठक कोरत. खुर्ची तयार झाली की त्या माणसाला पुन्हा यावं लागे, कारण शेवटची पाचर त्याच्या वजनाखालीच ठोकायची. कमानीची दोन्ही टोकं बैठकीच्या फळीतून आरपार खाली निघत. टोकाला चीर पाडून तिच्यात लाकडाची निमुळती पाचर ठोकली, की टोक फुगून भोकात कायमचं बसतं. उजवी पाचर मामा आधी ठोकत. डावी राखून ठेवत. मग माणसानं बसायचं, मागं टेकायचं, कमान त्याच्या पाठीच्या भारानं थोडी खाली सरकायची, आणि खाली फरशीवर उताणे पडलेले मामा वरच्या बाजूला हातोडा मारायचे. मोठमोठे वकील आणि डॉक्टर जीव मुठीत धरून खुर्चीत बसलेत आणि खाली मामांचे दोन पाय बाहेर आलेत, हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलंय. डावी पाचर नसलेली खुर्ची बसता-उठताना भोकात सरकते आणि 'कर्र' असं बोलते. पाचर बसली की मुकी होते. "पाचर नाय तवसर खुर्ची कोणाचीच नाय," मामा म्हणत. पाचर मारेपर्यंत खुर्चीला धनी नाही, असा त्याचा अर्थ.

बिनधन्याच्या खुर्चीबद्दल त्यांचे आणखी नियम होते. दिवेलागणीला ते सगळ्या रिकाम्या खुर्च्या भिंतीला तिरप्या टेकवून ठेवत. रिकामी खुर्ची दाराकडे तोंड करून सरळ ठेवली, की ते बोलावणं धाडल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि कुठल्याही रिकाम्या खुर्चीवर बसण्याआधी ते तळहात ठेवून बघत. तिसऱ्या माळ्यावरचे मास्तर गेले तेव्हा तेराव्याला मामा वर गेले. मास्तरांची खुर्ची बाजूला सारून पानं मांडायची घाई चालली होती. मामांनी बैठकीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "मास्तर अजून उठूक नाय. आज हलवू नको." आचारी चडफडला, पण पंगत खुर्चीला वळसा घालून बसली. दोन दिवसांनी मामा आपणहून गेले, हात ठेवला आणि "आता हलवा" म्हणाले. मास्तरांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, की ते दोन दिवस तिलाही जरा बरंच वाटत होतं. मी तेव्हा नव्या नवलाईत होते आणि भुतांपेक्षा घरमालकाला जास्त भीत होते. तरी त्या दिवसापासून आमच्या घरातलं स्टूलसुद्धा मी भिंतीला टेकवून ठेवायला लागले.

वसंता गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली म्हणून लागला होता. सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. हसरा, बडबड्या मुलगा. बसायचा तर असा ऐसपैस, की जणू राजाचं सिंहासन आपल्या बापाचंच आहे. मला वहिनी म्हणायचा आणि भाजीत मीठ जास्त झालं, तर पार्टिशनच्या पलीकडून ओरडून सांगायचा. तो कायम झाला तेव्हा मामांनी त्याच्यासाठी खुर्ची केली. तशी खुर्ची त्यांनी पुन्हा केली नाही. बैठक इतकी खोल आणि मागं उतरती, की माणूस आपोआप मागं टेकावा. उजवी पाचर ठोकून झाली, डावी रविवारी ठोकायची होती, आणि त्याआधीच संप झाला.

"आता नको बाबा," वसंता म्हणाला. "बेकार माणसाला कसली खुर्ची? संप मिटला की पहिल्या पगाराला बसतो. तेव्हा ठोका, काय ठोकायचं ते."

मामांनी ती पाचर सदऱ्याच्या खिशात टाकली. आम्हा सगळ्यांनाच वाटलं, महिन्याभराचा तर प्रश्न आहे.

त्या दिवसांचं मी काय सांगू? भोंगा थांबला आणि चाळीला वेळच कळेनासा झाला. घराघरांतून आधी पितळेची भांडी गेली, मग बायकांच्या हातातल्या पाटल्या गेल्या, मग बिऱ्हाडंच गावाला गेली. मामांचं म्हणणं, वसंतानं त्यांच्या हाताखाली यावं, खुर्च्या कराव्यात. वसंता ऐकेना. तो मोर्च्याला जायचा, सभेला जायचा, आणि घरी येऊन बापाच्या खुर्च्यांची गिऱ्हाइकं मोजून दाखवायचा, त्यात एकही मजूर नाही म्हणून. एका दुपारी जेवताना दोघांचं जुंपलं. मला पार्टिशनमधून शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. शेवटी मामा ओरडले, "इतकी मिजास आसा तर संप मिटवन ये, आणि मगेच ह्या घरात बस!" पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज झाला. चपला घातल्याचा झाला. वसंता गेला. लोक म्हणाले भिवंडीला मागावर लागला, कुणी म्हणालं सुरतेला. पत्र नाही, निरोप नाही.

मामांनी त्या दिवसापासून एकच केलं. संध्याकाळी बाकीच्या खुर्च्या भिंतीला टेकवायचे, आणि वसंताची मात्र दाराकडे तोंड करून सरळ ठेवायचे. त्यांच्याच नियमाप्रमाणे ते बोलावणं होतं. मी बघायचे, पण बोलायची छाती झाली नाही. संप मिटल्याचं कुणी कधी सांगितलंच नाही. तो कुणी मागे घेतला नाही की जिंकला नाही, नुसता विरत गेला. माणसं गुपचूप मिळेल त्या कामाला लागली. आमच्या ह्यांना शिवाजी पार्कजवळच्या एका इमारतीत वॉचमनची नोकरी मिळाली. गिरणीत साच्यांवर बारा वर्षं काढलेला माणूस गेटवरच्या स्टुलावर बसायला लागला.

अशात काही वर्षांनी एका दुपारी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते, तर एक माणूस मामांच्या दाराशी येऊन उभा राहिला. गालफडं बसलेली, दाढी अर्धी पांढरी, खोकला असा की बोलणं खरवडून काढावं लागत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. "वसंता!" मी अशी ओरडले की चाळीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. शेवंता खाली धावली, तिनं त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मामा आतून बाहेर आले.

"बाबा," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच, खोकल्याचा होता.

मामांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि भुशाच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "बस."

तो बसला. चौकटीच्या अगदी पुढच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घेऊन, टाचा उचललेल्या. दार उघडलं की निघायचंय अशा बेतानं. मामा म्हणाले, "उठ." तो उठला. मामांनी गोणपाट बाजूला केलं आणि भुशावर हात फिरवला. वसंताच्या बैठकीला भुसा मागं खोल दबायचा. हा खळगा उथळ होता, आणि सगळा पुढच्या काठाला. त्यांनी दोनदा हात फिरवला. मग उठून उभे राहिले.

"हो माझो वसंतो न्हय."

"मामा, डोळे फुटले का तुमचे?" मी ओरडले. "तोंड बघा त्याचं! तुमच्या पोटचा पोर आहे!"

"तोंड कोण पण घेवन येता," मामा शांतपणे म्हणाले. "बैठक आणूक गावणा नाय."

आणि आता जे सांगते ते मला आजही नीट कळलेलं नाही. मामा बैठकीच्या बाबतीत कधी चुकले नव्हते. त्यांच्या एका शब्दावर मास्तरांच्या तेराव्याची पंगत वळसा घालून बसली होती. त्यांनी 'न्हय' म्हटलं, आणि गॅलरीतली माणसं त्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. शेवंता दोन पावलं मागं सरकली. मीसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि बघता बघता ते तोंड मला अनोळखी वाटायला लागलं. नाक वसंताचं, भुवया वसंताच्या, आणि तरी भर दुपारी उन्हात कुणीतरी ते सगळं अंगावर चढवून आल्यासारखं. तो माणूस काही भांडला नाही. त्यानं आतल्या, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीकडे एकदा बघितलं, "बरोबर आहे" एवढंच म्हणाला, आणि खोकत खोकत गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, ती खुर्ची बोलायला लागली. पहिल्यांदा मी ऐकलं ते भर दुपारी, पूर्वी दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा त्या सुमाराला. पार्टिशनच्या पलीकडे 'कर्र' झालं. बसतानाचा आवाज. थोड्या वेळानं पुन्हा 'कर्र', उठतानाचा. मला वाटलं गिऱ्हाईक आलंय. डोकावून बघितलं, तर मामा एकटेच, रंधा हातात धरून उभे. खुर्ची रिकामी. पुढं ते रोजचंच झालं. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "हवा बदलता गो. लाकूड आसा." मास्तर उठले की नाही हे तळहातानं सांगणारे मामा हवेवर ढकलायला लागले, तेव्हा मला खरी भीती वाटली. त्या खुर्चीवर ते हात ठेवून बघत नसत. बाकी सगळ्या खुर्च्यांवर ठेवत.

खरं काय ते फुटलं आमच्या घरात. आमच्या लग्नात मामांनी ह्यांना एक कमानीची खुर्ची केली होती, भुसा घेऊन, पाचर ठोकून, सगळं यथासांग. त्या संध्याकाळी हे नोकरीवरून आले आणि त्या खुर्चीत बसून चहा पीत होते. मामा वाटीभर साखर परत द्यायला दारात आले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "पावणे कोण इलेत गो?"

मला हसू आलं. "मामा, कसले पाहुणे? हे आमचेच की!"

मामा खुर्चीकडेच बघत राहिले. मी वळून बघितलं आणि माझं हसू विरलं. हे खुर्चीच्या पुढच्या काठावर बसले होते. पाठ टेकलेली नाही, टाचा उचललेल्या, कप हातात असूनसुद्धा दुसरा हात गुडघ्यांमध्ये. गाडी आली की उठून गेट उघडायचं, ह्या तयारीनं. आणि माझ्या नवऱ्याला आपण असे बसतो हे ठाऊकच नव्हतं.

"असो कधीपासून बसतस?" मामांनी विचारलं.

"कसा?" हे म्हणाले, आणि मामांच्या तोंडाकडे बघून घाईघाईनं मागं टेकले.

मामांच्या हातातली वाटी कलली आणि साखर उंबऱ्यावर सांडली. ती त्यांनी भरायचा प्रयत्नही केला नाही. "त्याका वाटला," ते एवढंच म्हणाले, "बापूस शब्द पाळता." मला कळायला क्षण लागला. माणसाची बैठकही बदलते, म्हणजे त्या दुपारी आलेला वसंताच होता. संप मिटल्याशिवाय ह्या घरात बसू नको, हे बापानं सांगितलं होतं. पोरगा संप न मिटवताच आला, आणि बापानं त्याला ओळखायचं नाकारलं, असंच त्याला वाटलं असणार. म्हणून तो 'बरोबर आहे' म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी हे रजा टाकून मामांना घेऊन भिवंडीला गेले. मागांच्या गल्ल्यांतून विचारत विचारत एका खाणावळीत पत्ता लागला. खाणावळवाल्यानं सांगितलं, लालबागचा वसंत होता इथं, खोकणारा. एकदा घरी जाऊन येतो म्हणाला आणि त्याच दिवशी परत आला. मागच्या थंडीत गेला, खोकल्यानंच. नेहमी दाराजवळच्या बाकाच्या काठावर बसायचा, आत या म्हटलं तरी येत नसे. हे मला ह्यांनीच सांगितलं. मी त्या रात्री उशी तोंडात धरून रडले. मामांचा इतका राग आला होता, आणि त्यांच्याइतकी कीवही मला आयुष्यात कुणाची आली नाही.

परतल्यावर दुसऱ्या दुपारी मी त्यांना जेवण घेऊन गेले. त्याच वेळी खुर्ची बोलली. माझ्यासमोर, चार हातांवर. खिडकी बंद होती, कुठं वारा नव्हता. मी ताट घेऊन तशीच उभी. मामा पुढं झाले आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्या बैठकीवर तळहात ठेवला. मागच्या खोलगट भागावर नाही. पुढच्या काठावर.

"पुढेच बसता," ते पुटपुटले. "कड लागत असतली त्याका."

त्याच दिवशी त्यांनी काम सुरू केलं. भुशाची चौकट वसंता आला त्या दुपारनंतर त्यांनी हलवली नव्हती. तो उथळ खळगा वाळून तसाच राहिला होता. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, म्हणून एक हात खळग्यावर आणि एक हात बैठकीवर ठेवून ते कोरत. पुढचा काठ उतरता केला, मांडीला लागणारी कड गोल केली, आणि ऐसपैस बसणाऱ्या पोरासाठी केलेली ती राजेशाही बैठक काठावर बसणाऱ्या माणसासाठी पुन्हा घडवली. मी सुतारकामातलं काही जाणत नाही, पण कुणी लेकराच्या अंगाला तेल लावावं तसा त्यांचा हात चालत होता. मध्येच थांबून ते बाजूला सरकत, खुर्ची बोलू देत, आणि मग पुन्हा काम धरत.

शेवटी एका दुपारी त्यांनी पार्टिशनवर टकटक केलं. "बाये, जरा ये. माका आता खाली पडान मारूक जमणा नाय. तू मार."

मी पदर खोचून फरशीवर उताणी पडले आणि खुर्चीखाली सरकले. मामांनी खिशातून ती पाचर काढून दिली. इतकी वर्षं खिशात राहून ती काळी, गुळगुळीत झाली होती. मी ती कमानीच्या डाव्या टोकाच्या चिरेत बेतानं धरली. खालून मला मामांचे पाय दिसत होते, डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याचं नख फुटलेलं. दुसरे कुणाचे पाय नव्हते, हे मी नीट बघितलं होतं.

"बसलंस मां रे?" मामा म्हणाले. माझ्याशी नाही.

डोक्यावर 'कर्र' झालं. खुर्चीचे पुढचे दोन पाय फरशीवर दबले. मामांचे पाय होते तिथंच होते.

"भिया नको. आता तुका कोण उठवचो नाय. मागे टेक. टेक रे, बाबू."

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांची आरडाओरड ऐकू येत होती. मग फार हळू, घाबरत घाबरत बसल्यासारखी, कमान भोकातून खाली सरकली. टोक माझ्या डोळ्यांदेखत फळीतून बाहेर आलं.

"मार गो!"

मी मारलं. डोळे मिटून, रडत, पाचर पुरती आत जाईपर्यंत मारत राहिले. खालून बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि मामा जिथं होते तिथंच, दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. कमान त्यांनीच दाबली असेल. असंच असणार, दुसरं काय? पण मी बाहेर यायच्या आत त्यांनी हात कधी काढले, हे मला आजही सांगता येणार नाही.

मामांनी वाकून बैठकीवर हात ठेवला. या खेपेला मागच्या खोलगट भागावर. तो हात तिथं ठेवूनच ते म्हणाले, "मिटलो रे संप. आता घरात बस."

त्या दिवसापासून खुर्ची पुन्हा कधी बोलली नाही. पुढं मामा कोकणात भाचीकडे गेले आणि तिकडेच वारले. जाताना खुर्ची आमच्या खोलीत आणून ठेवली आणि बजावलं, "हिका भिंतीक टेकव नको. सरळ ठेव." आता चाळ पडली, हेही गेले, आणि मी मुलाबरोबर अँटॉप हिलला राहते. खुर्ची दाराकडे तोंड करून सरळ ठेवलेली आहे. येणारं जाणारं माणूस तिच्यावर बसतं. नोकरी गेलेला शेजारी, कुरिअरवाला, मुलीसाठी स्थळ विचारायला आलेला कुणी संकोची बाप. बसतात ते काठावरच. कड त्यांना लागत नाही. मी चहा टाकते आणि म्हणते, "मागं टेका. इथून कुणी उठवणार नाही." ते टेकेपर्यंत मी कप पुढं करत नाही.

दुपारी, पूर्वी दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा त्या सुमाराला, घरात कुणी नसलं तरी एकदा तेच म्हणते.